नागपूरला जायचं, पण कशानं? बस, भाड्याची गाडी की घरची?

गुडीहत्नूर, इच्चोडा, इंद्रवेल्ली या भागातल्या मराठी घरांचं निम्मं गणगोत महाराष्ट्रात आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची नवी रचना झाली, तालुके पलीकडे गेले, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. त्यामुळे लग्न, तेरवी, माहूरचं दर्शन, मुलांचं कॉलेज, नागपूर-सावंगी-सेवाग्रामचे दवाखाने अशा कुठल्या ना कुठल्या कारणानं हद्द ओलांडणं चालूच असतं. आणि दर वेळी घरात तोच घोळ होतो. बसनं जावं, गाडी करावी, की घरची काढावी?

बहुतेकजण हा प्रश्न किलोमीटरच्या हिशोबानं सोडवतात. आमचं सांगणं असं, की किलोमीटर नंतर मोजा. आधी हे पाहा की राज्याची हद्द ओलांडल्यावर तुमच्या तिकिटाचं, गाडीच्या परवान्याचं आणि विम्याचं काय होतं. पैसे बुडतात ते बहुधा तिथेच.

आधी तीन गोष्टी ठरवा

- सोबत कोण आहे? धडधाकट माणूस, लहान मूल, वयस्कर आई-वडील की रुग्ण?
- परत कधी यायचं? त्याच दिवशी, की मुक्काम करून?
- शेवटचा टप्पा कसा गाठणार? नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकापासून दवाखान्यापर्यंत, किंवा रात्री आदिलाबादला उतरल्यावर गुडीहत्नूरपर्यंत.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. गुडीहत्नूर राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे, दिवसभर समोरून गाड्या धावताना दिसतात, म्हणून वाटतं की बस कधीही मिळेल. पण हैदराबाद-नागपूर अशी लांब पल्ल्याची प्रत्येक गाडी इथे थांबेलच असं नाही. आरक्षण करताना चढण्या-उतरण्याचं ठिकाण आदिलाबाद ठेवा आणि तिथपर्यंतचे वीसेक किलोमीटर वेगळे धरा. रात्री दहानंतर आदिलाबादला पोचणार असाल, तर तिथून घरी आणणारं कोण, हे निघण्याआधीच पक्कं करा.

बस: सवलत कुठे तुटते ते ओळखा

तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महालक्ष्मी योजनेत महिलांना पल्लेवेलुगु आणि एक्स्प्रेस बसमध्ये मोफत प्रवास आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. दोन्ही योजना चांगल्या आहेत, पण दोन्ही आपापल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात. घोळ होतो तो इथे:

- तेलंगणाच्या एक्स्प्रेस बसनं तुम्ही नागपूरकडे निघालात, तर झिरो तिकीट हद्दीपर्यंतच मिळतं. पुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. महाराष्ट्राची अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीची आहे, तेलंगणाच्या बसमध्ये ती लागू नाही.
- एसटीनं नागपूरहून आदिलाबादला येत असाल, तर अर्धं तिकीट हद्दीपर्यंत आणि पुढे पूर्ण.
- डिलक्स, सुपर लक्झरी, राजधानी, गरुड या गाड्यांत महालक्ष्मी योजना नाही. घाईत समोर आली ती गाडी पकडून मग कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही.
- झिरो तिकिटासाठी तेलंगणाचा पत्ता असलेलं मूळ ओळखपत्र लागतं. माहेर महाराष्ट्रातलं आणि आधार कार्डावर पत्ताही अजून माहेरचाच, अशा सुना आपल्या भागात पुष्कळ आहेत. त्यांनी आधारवरचा पत्ता बदलून घ्यावा. एवढ्या एका कामाअभावी त्या हक्काच्या सवलतीला मुकतात.
- महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांना एसटीत ६५ ते ७५ वयापर्यंत अर्धं तिकीट आणि ७५ नंतर मोफत प्रवास आहे. तोही हद्दीपर्यंतच. पांढरकवड्याहून आजोबा तुमच्याकडे येत असतील, तर हद्दीनंतरच्या तिकिटाचे पैसे त्यांच्या खिशात सुटे ठेवायला सांगा.

आता नागपूरचा हिशोब पाहा. गुडीहत्नूरपासून नागपूर साधारण २१५ किलोमीटर. त्यातले तेलंगणातले जेमतेम चाळीस. म्हणजे झिरो तिकिटाचा फायदा प्रवासाच्या पाचव्या हिश्श्यालाच. महिलांना खर्च खरंच कमी करायचा असेल, तर पांढरकवड्याला उतरून पुढे एसटी धरणं स्वस्त पडतं. वेळ मात्र जास्त जातो, आणि सामान किंवा लेकरं सोबत असतील तर ही कसरत करू नये. ओळखपत्रांचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून खिडकीवर आधी विचारून घ्या.

हैदराबादचं गणित याच्या उलट आहे. तिथपर्यंतचा सगळा रस्ता तेलंगणातलाच, त्यामुळे एक्स्प्रेस बसनं महिलांना एक रुपयाही लागत नाही. सिकंदराबाद बाजूला काम असेल तर जुबिली बसस्थानकावरच उतरा. इमलीबनच्या महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत जाऊन पुन्हा मागे यायची गरज नाही.

एक सवय मात्र प्रत्येकानं लावून घ्या. तिकीट घरी पोचेपर्यंत फेकू नका, झिरो तिकीटसुद्धा. बस रस्त्यात बंद पडली तर त्याच तिकिटावर दुसऱ्या गाडीत बसवून घेण्याचा आग्रह धरता येतो. अपघात झाला तर तुम्ही त्या बसमध्ये होता याचा पहिला पुरावा तोच कागद असतो. एसटीच्या तिकिटात २०१६ पासून अपघात सहायता निधीचा एक रुपया घेतला जातो, तो याच कारणासाठी.

खासगी ट्रॅव्हल्स: रात्रीचा प्रवास असेल तर आधी दार शोधा

रात्रीच्या स्लीपर गाड्या सोयीच्या वाटतात. पण १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला आग लागून २५ जण गेले. २४ ऑक्टोबर २०२५ ला कर्नूलजवळ हैदराबाद-बेंगळुरू बस पेटली, ती आपल्याच महामार्ग ४४ वर. अशा वेळी लोकांना बाहेर पडायला हाताशी काही मिनिटंच असतात. म्हणून आपल्या जागेवर जाण्याआधी आपत्कालीन दार कुठे आहे आणि ते सामानानं अडलेलं तर नाही ना, हे पाहा. काच फोडायचा हातोडा जागेवर आहे का, तेही पाहा. नसेल तर विचारा. शक्य असेल तिथे दाराजवळचा खालचा बर्थ घ्या, विशेषतः म्हातारी माणसं सोबत असतील तर.

भाड्याबद्दल एक नियम लक्षात ठेवा. महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये ठरवून दिलंय, की खासगी बसनं त्याच टप्प्याच्या एसटी भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये. दिवाळीत तिप्पट मागितलं तर तिकिटाचा फोटो काढून ठेवा आणि परिवहन कार्यालयाकडे तक्रार करा.

गाडी करताना: नंबरप्लेटचा रंग आणि परवाना

सगळ्यात जास्त फसवणूक भाड्याच्या गाडीत होते, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

भाड्यानं सवारी नेणाऱ्या गाडीची नंबरप्लेट पिवळी असते आणि त्यावर काळी अक्षरं असतात. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतील, तर ती स्वतः चालवायला भाड्यानं मिळणारी गाडी. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. आपल्याकडे गावातल्या कुणाची तरी पांढऱ्या प्लेटची गाडी “डिझेल टाका आणि वर हजार द्या” या बोलीवर नेण्याची पद्धत सर्रास आहे. माणूस ओळखीचा, भाडं कमी, बोलावलं की दारात. सगळं खरं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परवान्याशिवाय भाड्यानं सवारी नेणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड दहा हजार रुपये आहे आणि गाडी जागेवर अडकवून ठेवली जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे खासगी गाडीच्या विम्यात भाड्यानं वापर करायला स्पष्ट मनाई असते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, किंवा भरपाई दिलीच तर ती गाडीमालकाकडून वसूल करायला निघते. तुमच्या शेजाऱ्याचं शेतही त्यात जाऊ शकतं. म्हणजे कमी भाड्याचा फायदा तुमचा, आणि धोका दोघांचाही.

पिवळी प्लेट पाहिली म्हणजे काम संपलं असंही नाही. ती गाडी दुसऱ्या राज्यात नेता येते का, हे वेगळं पाहावं लागतं. १ मे २०२३ पासून देशभर एकच नियम आहे. ज्या टॅक्सीकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे, तिला हद्द ओलांडताना वेगळा प्रवासी कर भरावा लागत नाही. ज्या गाडीकडे तो नाही, तिला तात्पुरता परवाना काढून कर भरावा लागतो. म्हणून सौदा ठरवताना हे प्रश्न फोनवरच विचारा:

१. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का? “हो” म्हणाले, तर मग “बॉर्डर टॅक्स” नावाची रक्कम तुमच्याकडून मागता येणार नाही, हेही तिथेच बोलून घ्या.
२. टोल आणि पार्किंग भाड्यात धरलंय की वेगळं?
३. ड्रायव्हरचा भत्ता किती? रात्रीचा वेगळा लागतो का?
४. किलोमीटर कुठून मोजणार? तुमच्या दारापासून, की गाडीवाल्याच्या आदिलाबादच्या घरापासून?
५. दिवस कसा धरणार? पुष्कळ गाडीवाले मध्यरात्र ते मध्यरात्र असा एक दिवस धरतात. रात्री साडेअकराला निघालात तर अर्ध्या तासासाठी एका दिवसाचं भाडं लागू शकतं.

यानंतर गाडीचा नंबर मागून घ्या आणि मोबाइलवरच्या एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. विमा, फिटनेस आणि परवाना कधीपर्यंत आहे ते तिथे दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. ठरलेला सौदा व्हॉट्सअ‍ॅपवर एका संदेशात लिहून गाडीवाल्याला पाठवा आणि त्याच्याकडून “ठीक आहे” एवढं तरी लिहून घ्या. तोंडी बोली दवाखान्याच्या दारात बदलते, असा अनुभव पुष्कळांना येतो.

मुक्कामाचा हिशोबही समजून घ्या. गाडीवाले बहुधा दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचं भाडं लावतात. नागपूरला जाऊन-येऊन ४३० किलोमीटर होतात. त्याच दिवशी परत आलात तर ठीक. पण एक रात्र थांबलात, तर दोन दिवसांचे किमान ६०० किलोमीटर लागू शकतात, गाडी दिवसभर दवाखान्याच्या आवारात उभी असली तरी. म्हणून मुक्काम असेल तर सरळ सांगतो: जाताना गाडी फक्त सोडायला ठरवा, येताना बस धरा. किंवा येतानाची गाडी नागपूरहून अ‍ॅपवर फक्त एका बाजूसाठी मागवा. जाताना मात्र अ‍ॅपची गाडी गुडीहत्नूरला येईलच या भरवशावर राहू नका.

काळी-पिवळी आणि शेअर जीप पांढरकवड्यापर्यंत किंवा किनवटपर्यंत ठीक आहेत. सवाऱ्या कोंबल्या असतील तर पुढची गाडी धरा.

घरची गाडी: पेट्रोलच्या पलीकडचा हिशोब

लिटरमागे १५ किलोमीटर देणारी गाडी नागपूरच्या फेरीला सुमारे २९ लिटर पेट्रोल खाते. म्हणजे तीन हजार रुपये इथेच गेले. चौघांचं पूर्ण तिकीट काढून जाऊन-येऊन जेवढं एसटीचं साधं भाडं होतं, त्याच्याच आसपासची ही रक्कम आहे. तेव्हा एकटे किंवा दोघे असाल तर पैशासाठी घरची गाडी काढू नका. चौघे-पाचजण असाल, आणि वाटेत हिंगणघाटला मामाकडे, येताना पांढरकवड्याला आत्याकडे असं थांबायचं असेल, तर ती खरी कामाची.

नागपूरकडे जाताना पिप्पलवाडा, केळापूर, दारोडा आणि बोरखेडी हे टोलनाके लागतात. फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर टोल जास्त बसतो. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयनं भरल्यास सव्वापट घेतात. चोवीस तासांत परत आलात तर दोन्ही बाजूंचा मिळून दीडपटच टोल लागतो. सतत जाणं-येणं असणाऱ्यांनी फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला, तेव्हा ३००० रुपयांत २०० वेळा नाका ओलांडता येत होता. म्हणजे एका नाक्याला १५ रुपये आणि नागपूरच्या पूर्ण फेरीला १२० रुपये. हा पास खासगी गाड्यांनाच आहे आणि राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. नागपूरहून पुढे समृद्धीवर गेलात तर तिथला टोल वेगळा.

विम्याची पॉलिसी मात्र आजच काढून पाहा. तिच्यावर फक्त “थर्ड पार्टी” असेल, तर अपघातात रस्त्यावरच्या माणसाला भरपाई मिळते, पण तुमच्या खासगी गाडीत बसलेल्या पाहुण्यांना ती सहसा मिळत नाही. पॅकेज म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसीत आत बसलेल्यांची जबाबदारी येते. लग्नाला शेजारपाजारच्यांना गाडीत घालून नेणाऱ्यांनी हा फरक नक्की पाहावा.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी दोन्ही राज्यांत चालतात. पीयूसी संपलेली नाही ना, ते पाहा.

कापूस निघायच्या दिवसांत, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, रात्री गाडी चालवणं टाळा. कापसानं ओसंडणारे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय महामार्गावर येतात आणि पहाटे धुकं असतं. आणि ड्रायव्हर घरचाच असला तरी माणूसच असतो. व्यावसायिक चालकांसाठी कायद्यानं पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठेवली आहे. दिवसभर लग्नात राबलेल्या भावाला रात्री स्टिअरिंगवर बसवू नका.

रेल्वे विसरू नका

नांदेड, संभाजीनगर किंवा मुंबईला जायचं असेल, तर आदिलाबाद स्टेशनवरून नंदिग्राम एक्स्प्रेस आहे, आणि ती किनवटवरूनच जाते. आरक्षण मिळत असेल, तर मुंबईसाठी गाडी करण्याचा विचारसुद्धा करू नका.

रुग्ण सोबत असेल तेव्हा

- तातडीची वेळ असेल तर आधी १०८ आणि आदिलाबादचं रिम्स. नागपूरचा विचार रुग्ण स्थिर झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं.
- पलीकडच्या दवाखान्यात तुमचं आरोग्यश्री किंवा आयुष्मान कार्ड त्या उपचारासाठी चालतं का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. गाडीचं भाडं भरून पोचल्यावर नकार ऐकणं फार महागात पडतं.
- शस्त्रक्रियेनंतरचा परतीचा प्रवास बसनं करू नका. इथे पिवळ्या प्लेटची गाडीच करा आणि बचत दुसरीकडे करा.
- केमोथेरपी किंवा डायलिसिससारख्या ठरलेल्या फेऱ्या असतील, तर एकाच गाडीवाल्याशी महिन्याचा दर ठरवा.

काही बिनसलं तर तुमचे हक्क

युरोपात २५० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या मार्गावर बस सुटायला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला, तर कंपनीला प्रवाशापुढे पैसे परत किंवा पर्यायी प्रवास असे दोन पर्याय ठेवावेच लागतात. आपल्याकडे बसप्रवाशासाठी असा वेगळा कायदा नाही, पण म्हणून हात चोळत बसायचं कारणही नाही:

- गाडी रद्द केली, ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले किंवा अर्ध्यात उतरवलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
- २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो. ट्रॅव्हल्सचं ऑफिस नागपुरात असलं तरी तुम्ही आदिलाबादेत तक्रार करू शकता. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.
- महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात दिसला तर १०३३. पोलीस किंवा इतर कुठलीही मदत हवी असेल तर ११२.
- रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे. तिच्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार पैसे न भरता मिळतात. दवाखान्यानं आगाऊ रक्कम मागितली तर या योजनेचं नाव घ्या.
- अपघाताच्या भरपाईचा दावा तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणातही लावता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, ती उलटू देऊ नका.

गुडीहत्नूरकरांसाठी आमचा निवाडा असा: एकटे-दोघे असाल तर बस, मुक्कामाला जाताना गाडी फक्त एका बाजूनं, चार माणसं आणि वाटेत थांबे असतील तर घरची गाडी, रुग्ण असेल तर पिवळ्या प्लेटची टॅक्सी. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्यानं करू नका, गाडीवाला सख्खा शेजारी असला तरी.